इंजिन कुठाय?

उचगावात बायकोला विश्वासात घेऊन सांगितलेली गोष्ट सकाळचं दूध येईपर्यंत गुपित राहते. "एक जुनी स्पोर्ट्स कार बघतोय," असं मी रात्री जेवताना हळूच म्हणालो. सकाळी दूध घालायला आलेल्या पोरानं किटली खाली ठेवायच्या आत विचारलं, "काका, अ‍ॅव्हरेज किती देती?"

गाडी तोवर मीही पाहिली नव्हती.

चारचाकीविषयी आमच्याकडं विचारला जाणारा हा पहिला प्रश्न. उद्या हायवेच्या सर्व्हिस रोडला कुणी विमान आणून लावलं, तरी येणारा मोटारसायकलवाला गाडी बंद न करता, एक पाय टेकवून, तोंडातला मावा गालात सरकवून हेच विचारणार. मी त्या पोराला खरं ते सांगितलं, "आठ-नऊ." त्यानं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि माप घालून निघून गेला. पुढच्या आठवड्यापासून तो महिन्याचे पैसे आठवड्याला मागू लागला.

आता कोल्हापूरच्या माणसानं मोटारीची हौस करायची नाही तर कुणी करायची? दसऱ्याला छत्रपतींचा परिवार सोनं लुटायला दसरा चौकात येतो तो राजाराम महाराजांच्या काळातल्या जर्मन मेबॅकमधून. आमच्या शेजारी उजळाईवाडीचा विमानतळ, तोही त्याच महाराजांच्या कारकिर्दीतला, 1939 चा. म्हणजे वेग ही या मातीतली पिढीजात गोष्ट. माझ्या वाट्याला त्यातलं एवढंच आलं होतं की घरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढं असतं.

बायकोचा आक्षेप वेगाला नव्हता, 'सेकंडहँड'ला होता.

"सचिनची फेरारी आठवते?" मी मुद्दाम मोठं उदाहरण काढलं. "2002 साली मिळालेली, 360 मोडेना. शूमाकरच्या हातून किल्ली. एक कोटी तेरा लाखांचं आयातशुल्क माफ करण्यावरून केवढा गदारोळ झाला, शेवटी ते फियाटनं भरलं. पुढं 2011 साली सुरतच्या एका व्यावसायिकानं ती घेतली. सेकंडहँडच की! वर्षभरात तिच्यावर सिनेमा निघाला."

"ती सचिननं वापरलेली. ही कुणी वापरलीय?"

"दिल्लीतल्या एका दातांच्या डॉक्टरनं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मग सिनेमाचं राहू द्या."

गाडी होती पोर्शे बॉक्स्टर. दोन सीटची, कापडी छताची, सहा सिलिंडरची आणि वयानं चौदा पूर्ण. दिल्लीत पंधरा वर्षं झालेली पेट्रोल गाडी रस्त्यावर आणायची नाही, यावर 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं. त्यामुळं तिकडं चौदाव्या वर्षी मोटारींना वानप्रस्थाश्रमाचे वेध लागायचे आणि भाव घसरायचे. पुण्याच्या एका डीलरनं ही उचलून आणली होती. किंमत फॉर्च्युनरपेक्षा बरीच कमी. हा मुद्दा मी सगळ्यांना सांगत सुटलो, आणि तिथंच फसलो असतो, कारण गावात प्रत्येकाचं पुढचं वाक्य ठरलेलं: "मग थोडं घालून फॉर्च्युनरच घ्या की. सात माणसं बसतात."

चुलते, म्हणजे आबा, यांनी सगळ्यात आधी हिशेब मांडला. "शिटं दोनच? म्हंजे शिटाला बारा लाख पडलं. एवढ्यात दोन गोठं भरतील."

मग त्यांना 2010 ची औरंगाबादची गोष्ट आठवली. तिथल्या मंडळींनी एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या आणि त्यामुळं सवलत पदरात पडली होती. आबा सहकारात मुरलेले. ते म्हणाले, "एकट्यानं काय घेतोस? संस्था काढू या. गावात शेअर गोळा करायचं. सभासदाला वर्षातनं एक दिवस गाडी. संचालकाला दोन." संध्याकाळपर्यंत चेअरमन कोण यावरून दोन गट पडले आणि गाडी माझ्या एकट्याच्या नावावर यायचा मार्ग मोकळा झाला.

मी माझ्या परीनं अभ्यास केला होता. या जातीच्या 1997 ते 2008 पर्यंतच्या इंजिनांत एका मधल्या शाफ्टचं बेअरिंग असतं. मुठीत मावेल एवढं. ते गेलं तर त्याच्या पाठोपाठ अख्खं इंजिन जाऊ शकतं, आणि ते जाणार आहे हे सहसा ते गेल्यावरच कळतं. 2009 पासूनच्या नव्या इंजिनातून कंपनीनं तो शाफ्टच काढून टाकला. आमची गाडी त्यानंतरची. हे सगळं मी आबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला वाचता येतंय, ते बरं हाय. पण बघायला मी येतो."

आबांचं आयुष्य म्हशी घेण्यात गेलं. म्हैस घेताना ते दात बघतात, शिंगांची वळी मोजतात, चालवून बघतात, आणि दुधाबद्दल मालक काय सांगतो तिकडं दुर्लक्ष करून समोर धार काढायला लावतात. पुण्याच्या त्या काचेच्या शोरूममध्ये त्यांनी हीच पद्धत लावली. आमच्याबरोबर कोल्हापूरच्या उद्यमनगरातले एक मिस्त्री होते. ज्यांनी आयुष्यात कुठला पार्ट 'मिळत नाही' म्हणून ऐकून घेतलेलं नाही, लेथवर करूनच घेतलाय, अशांपैकी. सेल्समन कोट घातलेला, कोवळा. तो 'लेदर इंटिरियर' म्हणेपर्यंत आबा खाली बसून टायर बघत होते.

टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, हे मी वाचलं होतं. आबांना न वाचता माहीत होतं. ट्रॅक्टरला नवा म्हणून जुना टायर गळ्यात मारणारे त्यांनी पाहिलेत. "मागचं दोन हितंच बदललेलं. पुढचं दोन जुनं," त्यांनी जाहीर केलं. "मागं-पुढं आकार पण येगळा. आदलून बदलून घालता येणार न्हाई. स्टेपनी कुठाय?"

"सर, स्टेपनी नसते. पंक्चर झालं तर सीलंटची बाटली आहे."

"बाटली," आबा म्हणाले आणि माझ्याकडं वळून न बघता मिस्त्रींकडं बघितलं.

मिस्त्रींनी बॉनेट उघडायला सांगितलं. सेल्समननं उघडलं. आत स्वच्छ कार्पेटचा खोल डबा. "बरं, इंजिन मागं असंल." मागचं उघडलं. तिथंही डिकी. तिच्यात एका कडेला ऑइल आणि कूलंट घालायची दोन तोंडं. मिस्त्रींनी ऑइल बघायची पट्टी शोधली. पट्टी नव्हती, ऑइलची पातळी पडद्यावर दिसते म्हणे. मग ते पुन्हा पुढं गेले, पुन्हा मागं आले, खाली वाकले, आणि उभं राहून अगदी खासगी आवाजात म्हणाले, "इंजिन कुठाय?"

"सर, सीटच्या मागे, मधोमध. मिड-इंजिन आहे."

"दावा की."

"त्यासाठी गाडी रॅम्पवर घ्यावी लागते, सर. किंवा छत अर्धं उचलून आतलं कव्हर काढावं लागतं."

मिस्त्री माझ्याकडं वळले. "म्हंजे हे म्हणणार हाय, आणि आपण व्हय म्हणायचं."

शेवटी किल्ली फिरवून इंजिनाचा आवाज ऐकवण्यात आला. तो पाठीमागून, थेट मणक्यातून येतो. मिस्त्रींनी डोळे मिटले. तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या यंत्रापुढं गप्प झालेला मी पाहिला. मी लगेच चेकबुकाला हात घातला असता, पण आबांनी डोळ्यांनीच दटावलं. चांगली म्हैस दिसली की गिऱ्हाइकानं तोंड आंबट करायचं असतं.

भावाची वेळ आली तेव्हा त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून सेल्समनच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो. बघणाऱ्याला कळू नये म्हणून. त्या पोराला कुठल्याच प्रशिक्षणात हे शिकवलेलं नव्हतं. आबांनी त्याची दोन बोटं दाबली. तो पांढरा पडला. आबांनी आणखी अर्ध्या पेराला चिमटा घेतला. "सर, मी मॅनेजरशी बोलून येतो," असं म्हणून तो उठायला गेला, पण हात टॉवेलातच. मॅनेजर स्वतः बाहेर आला, आमचं दृश्य बघितलं, आणि किंमत खाली आली. ती अडीच बोटांनी आली असं आबांचं मत आहे. त्या पोराला हात परत हवा होता, असं माझं.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. दुसऱ्या राज्यातली गाडी आणायची म्हणजे तिकडची ना-हरकत फॉर्म 28 वर, हस्तांतर 29 आणि 30 वर, इकडचा रोड टॅक्स नव्यानं, आणि पंधरावं वर्ष उलटलं की फेरनोंदणी व पर्यावरण कर. यातलं एकही वाक्य कुणी शेवटपर्यंत ऐकलं नाही. सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं होतं: एमएच 09 ला नंबर कुठला? आमच्याकडं गाडी ही नंबरप्लेट लावण्यासाठी असते. 4141 चं मराठीत 'दादा' होतं, 8055 चं इंग्रजीत 'बॉस'. एक नंबरची चारचाकीची फी 2024 साली सरकारनं वाढवली, तरी मागणी आटलेली नाही. मी येईल तो नंबर घेतला. यावर भावकीत जी नाराजी पसरली ती शिटाला बारा लाखांचा हिशेब निघाला तेव्हाही पसरली नव्हती.

पुण्याहून गाडी चालवत आणली. कंपनी म्हणते, ताशी 260 जाते. सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम चालू असल्यानं मी ती बहुतेक वेळ डंपरच्या मागं, दुसऱ्या गिअरमध्ये, धुळीत चालवली. डंपरच्या मागच्या फळीवर 'बघतोस काय, मुजरा कर' लिहिलेलं होतं, आणि माझी सीट एवढी खाली की ते मला आपोआप मान वर करूनच वाचावं लागत होतं.

हायवेवरून उचगावात शिरलो आणि पहिला गतिरोधक आला.

इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था सांगते की गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, म्हणजे वाहन त्यावरून अलगद जातं. उंचीचं आमच्या गल्लीनं मानलं आहे, किंबहुना थोडं जास्तच मानलं आहे. रुंदीला मात्र जागा नव्हती. ज्याच्या दारासमोरून पोरं गाड्या पळवतात तो उरलेल्या काँक्रीटची पाटी ओततो, वर घमेलं उपडं घालून आकार देतो, झालं. आणि माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून दहा-अकरा सेंटिमीटरवर. हा हिशेब मी पुण्यात केला नव्हता, कारण पुण्यात मी इंजिन शोधत होतो.

"थांबा, थांबा!" चहाच्या टपरीवरून दोघं धावत आले. एकजण पुढं उभा राहिला, एक कडेला ओणवा. "तिरकी घ्या. आनी तिरकी. डावं चाक चढवा. हां, हां, हां... बास!" आबांना वजन कमी व्हावं म्हणून उतरायला सांगितलं. या गाडीतून उतरणं सोपं नाही. आधी पाय बाहेर, मग दाराची कड धरायची, मग कुणीतरी हात द्यायचा. हे होईपर्यंत मागं उसाचा ट्रॅक्टर, शाळेची व्हॅन आणि गांधीनगराकडं कापडाचे गठ्ठे नेणारा टेम्पो उभा राहिला. कुणी हॉर्न वाजवला नाही, हे विशेष. सगळे उतरून सल्ला द्यायला आले. टेम्पोवाल्यानं कापडी छत चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाला, "फाटलं तर सांगा, गठ्ठ्यातनं काढून देतो." तेवढ्यात काठी टेकत चाललेल्या एका आजीनं आम्हाला मागं टाकलं. पुढच्या गतिरोधकाला ती परत भेटली. तिसऱ्याला तिचं घर आलं.

आता सोय झाली आहे. गल्लीतल्या पोरांनी दोन फळ्या ठेवल्यात. गाडीचा आवाज आला की ती फळ्या घेऊन पळत येतात, गतिरोधकाला उतार लावतात, गाडी गेली की फळ्या काढतात. मोबदल्यात रोज एकाला शेजारच्या सीटवर बसवून चौकापर्यंत न्यायचं. यादी त्यांच्याकडं असते. मला फक्त कळवतात.

पूजा दसऱ्याला केली. काकू ताट घेऊन आल्या. हार बांधायला पुढं जाळीच नव्हती, म्हणून तो आरशाला अडकवला. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मग काकू म्हणाल्या, "इंजिनाला कुंकू लावायचंय, उघडा."

मी मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्रींनी आभाळाकडं. पुढचं बॉनेट उघडलं. काकूंना आत यंत्रासारखं दिसणारं काही सापडेना. शेवटी कडेच्या झाकणाखाली बॅटरी निघाली. त्यांनी तिलाच हळदीकुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि नमस्कार केला. "इंजिन न बसवताच इकली काय रं तुला?" त्यांनी जाताना विचारलं. अगदी मायेनं.

पुढं लग्नकार्यं, पाहुणे, गुऱ्हाळ यात गाडी बरेच दिवस उभीच राहिली आणि बॅटरी उतरली. त्यात काही विशेष नाही. उभी ठेवली की कुठल्याही गाडीची उतरते. विशेष पुढं आहे. बॅटरी पुढच्या बॉनेटखाली, आणि बॉनेट उघडतं ते विजेच्या बटणानं. वीज बॅटरीतून येणार. मिस्त्रींनी हे तीनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा ते पायरीवर बसले. मग मीच पुस्तिका आणली. पायाशी फ्यूजच्या पेटीत एक तांबडं टोक बाहेर ओढायचं, त्याला बाहेरच्या बॅटरीचा करंट द्यायचा, की बॉनेट उघडतं. ट्रॅक्टरची बॅटरी आणली, वायरी जोडल्या, 'टक्' झालं, झाकण वर आलं. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "बॅटरीची पूजा झाली, इंजिनाची ऱ्हायली. ते रुसणार न्हाई तर काय."

त्या दिवशी जमलेल्या मंडळींना खूश करावं म्हणून मी किल्लीची गोष्ट सांगितली. पोर्शेची किल्ली दाराच्या बाजूला असते. कारण म्हणून सांगतात ते असं: फ्रान्समध्ये ले मान्सच्या शर्यतीत पूर्वी ड्रायव्हर रस्त्याच्या एका कडेला उभे राहायचे आणि इशारा झाला की पळत जाऊन समोरच्या गाडीत बसायचे. एका हातानं किल्ली, दुसऱ्यानं गिअर, तेवढेच क्षण वाचतात. 1969 साली जॅकी इक्स नावाच्या ड्रायव्हरला हा प्रकार धोक्याचा वाटला. सगळे पळाले, हा निषेध म्हणून चालत गेला, नीट पट्टा बांधला, सगळ्यात शेवटी निघाला, आणि चोवीस तासांनी शर्यत जिंकला. तेव्हापासून ती पळापळ बंद झाली.

"बराबर हाय," आबा म्हणाले. "म्हशीकडं पळत जायाचं नसतंच. बुजती."

एवढं सगळं असून गाडीला गावात मान मात्र मोठा. वरच्या गल्लीतल्या एका पोराचं लग्न ठरलं आणि त्याचे वडील सुपारी घेऊन आले. वरात याच गाडीतून हवी. मी होकार दिला. मग मिस्त्रींनी शंका काढली, "नवरा-नवरी बसल्यावर गाडी कोण चालवणार? शिटं दोनच."

सभा बसली. मला नवरीच्या शेजारी बसवणं शक्य नव्हतं. नवरदेवाच्या शेजारी बसलो तर नवरी कुठं? करवलीचा तर विषयच निघाला नाही. कुणाची तरी नजर पुढच्या डिकीकडं गेली होती, पण तिची आई तिथंच बसलेली. शेवटी नवरदेवानंच चालवायचं ठरलं. त्याला लायसन होतं. पण मिस्त्री हटेनात. बेंजोच्या मागं, पावलापावलानं, दोन तास? "क्लच जळंल. ह्येचा क्लच लेथवर व्हत न्हाई." हे त्यांच्या तोंडून आलं म्हणजे प्रकरण गंभीर.

"मग इंजिन चालू करायचंच कशाला?" आबा म्हणाले. "दिसत तर न्हाईच ते. ढकला."

आणि तसंच झालं. छत उघडं, आत नवरा-नवरी फेट्यात आणि शालूत, स्टेअरिंग नवरदेवाकडं, पुढं बेंजो, फळीवाली पोरं दोन्ही बाजूंना तयार. मागून आम्ही आठ-दहा जण ढकलतोय. माझा हात बरोबर नंबरप्लेटच्या वर. दुसऱ्या गतिरोधकापाशी फोटोग्राफर पुढून पळत मागं आला, गुडघ्यावर बसला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि ओरडला, "ओ ढकलणारं काका! जरा बाजूला व्हा की. नंबर दिसंना."